चमकांचा हिशोब रोज वेगळा येतोय? बूस्टर नव्हे, आधी स्वतःला तपासा

अंधार पडल्यावर गच्चीवरून उत्तरेकडे बघत बसलात की एखादा ठिपका वर चढताना दिसतो. पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही, म्हणजे मुंबईकडे उतरणारं विमान नव्हे. तो असतो वापरून टाकलेला रॉकेटचा टप्पा, आमच्या बोलीत बूस्टर. उपग्रह कक्षेत सोडला की याचं काम संपतं, मग त्याला कोणी सावरत नाही आणि तो वर्षानुवर्षं कोलांट्या खात पृथ्वीभोवती फिरतो. त्याची बाजू ऊन आपल्याकडे परतवेल अशी वळली की चमक. दोन चमकांमधला वेळ, म्हणजे कालावधी, मोजायचा, एवढाच हा छंद.

आणि तो एवढासा वेळच जुळत नाही. मी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या गच्चीवरून बरीच वर्षं हे करतोय. ‘दादा, माझा आकडा रोज वेगळा येतो’ म्हणत ज्यांनी वह्या पुढे केल्या, त्यांतल्या बहुतेकांचा घोळ फिरून फिरून त्याच दोन-तीन जागी सापडला. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीतही तोच आहे. आठवडाभरात बूस्टर सहसा बदलत नाही, बदलतो तो मोजणारा. पुढची सगळी तपासणी हे धरूनच केली आहे.

लक्षणं

- एकाच बूस्टरचा कालावधी सोमवारी ७.० सेकंद, गुरुवारी ७.३, पुढच्या आठवड्यात ७.५.
- तुमचा आकडा दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट किंवा निम्मा.
- एकाच पासमध्ये, म्हणजे आकाशातून जाण्याच्या एका फेरीत, अंतर लांब-आखूड, लांब-आखूड.
- डोक्यावरून जाताना ताल घसरतो, क्षितिजाकडे पुन्हा सावरतो.
- चमका येत असतात आणि मधेच कायमच्या थांबतात.
- कालावधी ठीक, पण चमकेची घड्याळी वेळ इतरांशी जुळत नाही. कधी काही सेकंदांनी, कधी एका अख्ख्या दिवसाने.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर. कृपा करून उलट्या क्रमाने जाऊ नका. नवी दुर्बीण घेऊन सुटलेला असा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही.

पहिली चमक म्हणजे शून्य

बहुतेकांचं दुखणं इथेच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

ओझरच्या एका मुलाची वही समोर आहे असं समजा. पहिल्या दिवशी त्याने २१ चमका मोजल्या, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत १५४ सेकंद. भागिले २१, उत्तर ७.३३. दुसऱ्या दिवशी ढग आले, ११ चमकाच मिळाल्या, ७७ सेकंद. भागिले ११, उत्तर ७.००. त्याने निष्कर्ष काढला की बूस्टरची गिरकी वाढली. मला फोनवर सांगताना आवाज चढला होता पोराचा, काहीतरी मोठं हाती लागलंय म्हणून.

२१ चमकांमध्ये अंतरं २० असतात. कुंपणाच्या खांबांसारखंच ते. १५४ भागिले २० म्हणजे ७.७०. ११ चमकांमध्ये अंतरं १०. ७७ भागिले १० म्हणजे तेही ७.७०. बूस्टर तसूभर बदलला नव्हता.

ही चूक ओळखायला अवघड जाते, कारण ती रोज सारखी नसते. जितक्या कमी चमका, तितका आकडा जास्त घसरतो. कायम तेवढीच चूक झाली असती तर निदान आकडे एकमेकांशी जुळले असते. इथे ते जुळतही नाहीत, आणि माणूस आकाशात कारण शोधत बसतो.

उपाय एका शब्दाचा आहे. ज्या चमकेला स्टॉपवॉच सुरू कराल तिला तोंडाने ‘शून्य’ म्हणा, पुढचीला ‘एक’. आमचे आजोबा बाजरी मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे, पण दुसऱ्याला दोनच म्हणायचे. तिथे मापं मोजायची असतात, म्हणून ते बरोबर. इथे मापांमधली जागा मोजायची आहे. जुन्या वह्या टाकू नका. चमकांची संख्या आणि एकूण वेळ लिहिलेली असेल तर पाच मिनिटांत सगळं दुरुस्त होतं. नुसतं उत्तर लिहिलेलं असेल तर मात्र ती पानं रद्दीत. म्हणून यापुढे उत्तर नंतर, आधी कच्चा आकडा.

बोट कधी दाबता?

पहिली चमक अचानक येते. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो. पाच-सहा चमका झाल्या की ताल अंगात भिनतो आणि बोट चमकेबरोबर पडतं, कधी तिच्याही आधी. ढोल वाजवणाऱ्या नाशिककराला हे वेगळं सांगायला नको, ठोका पडायच्या आधीच टिपरू वर गेलेलं असतं. सुरुवात उशिरा आणि शेवट वेळेवर, म्हणजे मधला वेळ तेवढा कमी भरला. दोन्हीकडे सारखाच उशीर झाला असता तर वजाबाकीत तो उडून गेला असता.

म्हणून पहिल्या दोन-तीन चमका नुसत्या बघा, ताल पकडा, मग ‘शून्य’ म्हणून सुरू करा. आणि जमेल तितक्या चमका धरा. पाव सेकंदाची चूक तीन अंतरांत वाटली तर प्रत्येकी ०.०८ सेकंद, तीस अंतरांत वाटली तर ०.०१ सुद्धा नाही.

माझी आवडती पद्धत मोबाइलचा आवाज रेकॉर्डर सुरू करून खिशात टाकायची आणि हातात टिकटिक करणारं बॉलपेन धरायचं. प्रत्येक चमकेला एक टिक. घरी येऊन ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्राममध्ये उघडलं की प्रत्येक टिकेचा टोकदार उंचवटा दिसतो आणि वेळ वाचता येते. दोन फायदे: डोळे आकाशावरून हलत नाहीत, आणि मोबाइलच्या पडद्याने अंधाराला सरावलेली नजर जात नाही. एखादी चमक सुटली तर तीही कळते, कारण तिथे मोकळी जागा बरोबर दुप्पट असते.

तोच बूस्टर आहे ना?

रशियन कॉसमॉस-३एम रॉकेटचे दुसरे टप्पे आजही शेकड्याने वर आहेत. सुमारे ६ मीटर लांब, २.४ मीटर जाड नळकांडी, सगळी एका छापाची. त्यांतली कितीतरी ७४ किंवा ८३ अंशांच्या कक्षांत, म्हणजे जवळजवळ दक्षिणोत्तर धावतात. एका संध्याकाळी नाशिकवरून अशी दोन-तीन गेली तर नवल नाही. ‘काल याच वेळी इथूनच गेला’ ही ओळख चालत नाही.

पासचे अंदाज देणाऱ्या हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर नाशिकचे अक्षांश-रेखांश नीट भरलेत का ते आधी बघा, साधारण २०.० उत्तर, ७३.८ पूर्व. पुष्कळांच्या अॅपमध्ये मुंबई किंवा पुणेच राहून गेलेलं असतं. मग वहीत नावाऐवजी पाच आकडी नोरॅड क्रमांक लिहा, कक्षेतल्या प्रत्येक वस्तूला तो वेगळा असतो. ‘कॉसमॉस बूस्टर’ नावाने काही सापडत नाही, २७३८६ म्हटलं की तो एन्व्हिसॅट उपग्रहच. कक्षेची आकडेवारी ताजी घ्या, जेवढी वस्तू खालून फिरते तेवढी ती लवकर शिळी होते. आणि पास होताना तो कोणत्या ताऱ्याजवळून किती वाजता गेला हे एकदा तरी टिपा. ‘ब्रह्महृदयाच्या दोन बोटं खालून, ७ वाजून १२ मिनिटं ४० सेकंद’ एवढं पुरतं. अंदाजाशी हे जुळलं नाही तर वस्तू दुसरी, पुढचं काही तपासू नका.

आकडा दुप्पट येतो: चमक सुटते आहे

नळकांडं एका पूर्ण कोलांटीत दोनदा आडवं होतं, म्हणून साधारण दोन चमका देतं. दोन्ही सारख्या तेजस्वी असतीलच असं नाही. एक बाजू करपलेली, एक उजळ, एका बाजूला कसला तरी खोका. मग एक चमक ठसठशीत आणि दुसरी फिकी. आकाश स्वच्छ असेल तर दोन्ही दिसतात. शहराच्या उजेडात फिकी चमक बुडते आणि कालावधी दुप्पट होतो. बूस्टर तोच, रात्र तीच, पण गंगापूर धरणापलीकडून बघणारा आठ सेकंद लिहितो आणि सिडकोतून बघणारा सोळा. दोघेही खोटं बोलत नाहीत.

माझ्या गच्चीवरून उत्तर म्हणजे अख्खं नाशिक मधे. तिकडचा पास मी दुर्बिणीशिवाय मोजतच नाही. त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीकडे गेलात तर शहराचा उजेड पूर्वेला पडतो आणि उत्तर मोकळी मिळते. फक्त एकटे जाऊ नका. गिरणारे, मखमलाबादकडच्या मळ्यांतही नको. बिबट्याचा वावर आहे, आणि मान वर करून उभा असलेला माणूस मागे बघत नाही.

हिवाळ्यात आणखी दोन चोर. पहिला दव. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली उतरतो आणि अर्ध्या तासात भिंगावर धुकट थर चढतो. हळूहळू चढत असल्याने तुम्हाला कळत नाही, फक्त फिक्या चमका एकेक करून गळतात. पासच्या सुरुवातीला आठ आणि शेवटी सोळा आलं तर भिंगावर टॉर्च मारून बघा. जाड पुठ्ठ्याची नळी पुढे लावली की बरंच काम होतं. भिंग फडक्याने पुसू नका, ओल्या धुळीने चरे पडतात. दुसरा चोर धूर. निफाडकडे कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, ते बागाईतदाराच्या पोटाचं काम आहे, त्यावर तक्रार नाही. पण त्या दिवसांत पूर्वेकडच्या खालच्या पासचे आकडे मी वहीत कंसात लिहितो.

लांब-आखूड, लांब-आखूड

६, ९, ६, ९ असं येत असेल तर घाबरू नका, सरासरी ७.५ काढून मोकळेही होऊ नका. दोन वेगळ्या बाजूंच्या दोन चमका आलटून पालटून येताहेत. ठळक ते ठळक धरा, १५. वहीत दोन्ही अंतरं लिहा.

डोक्यावर ताल का घसरतो

बंद पडलेल्या रुग्णवाहिकेच्या टपावरचा फिरता दिवा आठवा. तुम्ही उभे असाल तर झोत ठरावीक वेळाने अंगावर येतो. स्कूटरवरून तिच्या शेजारून निघालात तर झोत किंचित लवकर किंवा उशिरा येतो, कारण दिव्याच्या दृष्टीने तुमची दिशाच बदलत असते. दिवा मात्र आपल्याच गतीने फिरतोय. उपग्रहाचं तेच होतं. तो, आपण आणि सूर्य यांच्यातला कोन सतत बदलतो, आणि पास डोक्यावर असताना सर्वांत भराभर. त्यामुळे मोजलेला कालावधी खऱ्या गिरकीपेक्षा थोडा कमी-जास्त दिसतो.

सात-आठ सेकंदांच्या बूस्टरला हा फरक टक्का-दीड टक्का, अनेक चमका धरल्या की फारसा जाणवत नाही. मिनिटभराच्या संथ वस्तूला मात्र तो ठळक असतो, कारण अख्ख्या पासमध्ये चमका मिळतात चार-पाचच. अशा वेळी पासचे दोन तुकडे करा, चढतानाचा एक आणि उतरतानाचा एक, आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा.

चमका मधेच बंद

पृथ्वीची सावली. ऊन संपलं, चमक संपली. संध्याकाळी हे पूर्वेच्या बाजूला होतं. अंदाजात सावलीत शिरण्याची वेळ दिलेली असते ती आधी बघून ठेवा आणि तिच्या जवळच्या शेवटच्या एक-दोन फिकुटलेल्या चमका हिशोबात धरू नका.

घड्याळ

नुसता कालावधी हवा असेल तर हे सोडून द्या. चमकेची नेमकी वेळ कळवायची असेल तरच.

८०० किलोमीटर उंचीवरचा बूस्टर सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावतो. डोक्यावर असताना एका सेकंदात साधारण अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा सरकतो. त्यामुळे हाताच्या घड्याळावर विसंबू नका. मोबाइलची ‘आपोआप वेळ’ सुरू ठेवा. लॅपटॉप असेल तर भारताची प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवा. अॅपवरच्या रेडिओचे ठोके ऐकून घड्याळ लावू नका, इंटरनेटवरून येणारा आवाज काही सेकंद मागे असतो.

बरोबर १८ सेकंदांचा फरक दिसला तर दोष तुमचा नाही. २०१७ पासून जीपीएसची वेळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे आणि काही साधनं ती तशीच दाखवतात. आणि पहाटेचे पास! आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून नाशिकला १५ जानेवारीला पहाटे ५ वाजता पाहिलेली चमक जागतिक वेळेत १४ तारखेच्या रात्री ११.३० ची. मी स्वतः एकदा अख्ख्या महिन्याची पहाटेची निरीक्षणं एक दिवस पुढे कळवली होती. ज्यांना कळवली त्यांनी फक्त ‘तुमच्याकडे भविष्य दिसतं का?’ एवढंच विचारलं.

मोबाइलचा व्हिडिओ

बरेच जण म्हणतात, मी डोळ्याने मोजतच नाही, व्हिडिओच्या फ्रेम मोजतो. मोबाइल अंधारात सेकंदाच्या फ्रेम गुपचूप कमी करतो, ३० च्या २४, कधी त्याहून कमी, आणि तेही सबंध व्हिडिओत एकसारख्या नाहीत. फ्रेम मोजून ३० ने भागलंत तर उत्तर चुकणारच. परीक्षा सोपी आहे: अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, पडद्याचा उजेड अगदी कमी करा, पाच मिनिटं चित्रीकरण करा आणि फ्रेमच्या हिशोबाने किती वेळ भरतो ते ताडून बघा. जुळत नसेल तर व्हिडिओ फक्त आवाजासाठी वापरा, पेनाची टिक त्यातही ऐकू येते.

खर्चाची पायरी

इथवर सगळं तपासून झालं तरच. १०x५० ची साधी दुर्बीण आणि तिच्यासाठी तिपाई. बाकी काही लागत नाही. हिरवा लेझर दाखवायला घेऊ नका. ओझरला विमानतळ आहे, देवळालीला लष्कर आहे, वैमानिकाच्या डोळ्यात तो गेला तर छंद राहील बाजूला. अजिसाईसारख्या वस्तूचा नादही एवढ्यात नको. जपानने १९८६ मध्ये सोडलेला तो २.१५ मीटरचा गोळा, अंगावर ३१८ आरसे, चमका इतक्या भराभर की बोट पुरत नाही.

खरोखर उपग्रहच बदलला असेल तर

तसंही होतं, पण महिन्या-वर्षांच्या चालीने. धातूच्या नळकांड्यात पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे विजेचे भोवरे उठतात आणि गिरकी मंदावत जाते. २०१२ मध्ये संपर्क तुटलेल्या एन्व्हिसॅटची गिरकी अशीच मंदावत गेली. उलट २००६ पासून बंद असलेल्या टोपेक्स/पोसायडन उपग्रहाची गिरकी उन्हाच्या दाबाने वाढत गेली. टाकीत उरलेलं इंधन किंवा वायू सुटला तर एकाएकीही बदल होतो, पण ते क्वचित. वरच्या सगळ्या तपासण्या करून सलग तीन पासमध्ये, शक्यतो दोन माणसांना, तोच नवा आकडा आला तर स्वतः अर्थ लावत बसू नका. कच्चे आकडे, जागा आणि जागतिक वेळ लिहून अनुभवी निरीक्षकांकडे पाठवा. बेल्जियमच्या निरीक्षकांनी अशा कालावधींची मोठी नोंद जमवलेली आहे, तुमचा आकडा जुन्या आकड्यांशेजारी ठेवला की तो खरा की खोटा ते लगेच दिसतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

दुर्बिणीतून एका ठिपक्याचे दोन दिसत असतील, पाहून डोकं दुखत असेल, तर आतले लोलक सरकलेत. स्क्रू उघडू नका. मी उघडले होते, पुन्हा कधीच जुळले नाहीत. दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, स्वस्तातली असेल तर सरळ नवी घ्या.

जळत, तुकडे होत काही खाली येताना दिसलं तर वेळ आणि दिशा टिपा. नंतर शेतात धातूचं कडं किंवा गोळा सापडला तर हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका, ११२ ला फोन करा. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, अशी रांग साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात कडं आणि गोळे सापडले. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो.

आणि शेवटचं. गच्चीवर येणाऱ्या एका काकांना सारख्या चमका दिसायच्या, कायम डाव्या कडेला, कुठेही बघितलं तरी. ताल नाही, मोजता येत नव्हत्या. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. मिटल्यावरही दिसत होत्या. त्यांच्या डोळ्यातला पडदा एका जागी फाटायला लागला होता. डोळे मिटूनही चमक दिसली, सोबत काळे ठिपके तरंगले, किंवा नजरेच्या कडेला पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर वही मिटा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पुढच्या पासची वाट बघू नका.